आधी पाणी, मग कात्री

तिला सगळे रेशीम म्हणायचे. जन्माचं नाव निराळं होतं, पण ते आता कागदोपत्रीच उरलं होतं. हे नाव पडलं केसांवरून. कमरेखाली उतरलेले, काळेभोर, गवंड्याच्या ओळंब्यासारखे सरळ केस. एक बट इकडची तिकडे नाही. शिवणाच्या दुकानात माप द्यायला आलेल्या बाया स्वतःचं माप सोडून तिच्या वेणीलाच हात लावायच्या. "काय लावतेस गं?" म्हणून विचारायच्या. रेशीम म्हणायची, "काही नाही, देवाची देणगी." आणि टेप त्यांच्या दंडाभोवती जरा जास्तच आवळायची.

देवाची कसली देणगी! देणगी थोरल्या बहिणीची होती. रेशीम शाळेत असताना तिच्या डोक्यावर असं रान माजलेलं असायचं की पोरं तिला तारेची घासणी म्हणत. ताई तेव्हा एका पार्लरात कामाला लागली होती. तिनं एक दिवस हिला पाटावर बसवलं, डोक्याला कसलंसं पांढरं मलम फासलं आणि म्हणाली, "नाक धर, तोंड बंद ठेव." सडक्या अंड्यासारखा वास. टाळू अशी भाजली की पोरीनं पाटाची कड दातांनी चावली. पण धुतल्यावर आरशात जी दिसली ती दुसरीच कुणीतरी होती. तेव्हापासून ती दुसरीच कुणीतरी जगात वावरत आली. लग्नाच्या वेळी ताईनं कानात सांगितलं होतं, "नवऱ्याला पगार सांग, वय सांग, हे सांगू नको."

लग्नानंतर ताईचे गुडघे दुखायला लागले. दर तीन महिन्यांनी दुखायचे. रेशीम दोन दिवस तिच्या गावाला जायची आणि चकचकीत होऊन परत यायची. सासूबाई एकदा म्हणाल्याही, "तुझ्या ताईच्या गुडघ्यांना तुझ्यावाचून करमत नाही बघ." पण त्यापुढे शंका नाही. उलट त्या सुनेच्या केसांवर गल्लीभर मिरवायच्या. "माझी सून बघा. कंगवा ठेवला तर घसरून खाली पडतो," असं म्हणायच्या आणि खरंच ठेवून दाखवायच्या.

मग झाली बोंडी.

हे नाव आजीनंच ठेवलेलं. उन्हात तडकलेल्या कापसाच्या बोंडासारखं पोरीचं डोकं. दोन वर्षांची झाली तशी एकेक बट स्क्रूसारखी वळायला लागली. घरात तसलं डोकं कुणाचंच नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे केस आधीच जेमतेम, पण होते ते सरळ. आजीचे सरळ. आई तर रेशीमच. तेव्हा आजीला एक थट्टा सापडली, आणि ती तिनं धुवून धुवून वापरली. "ही आमची नव्हेच. दवाखान्यात त्या नर्सबाईनं अदलाबदल केली." पाहुणे हसायचे, शेजारीण हसायची, बोंडीही हसायची. रेशीमही हसायची. हसण्यावाचून करणार काय? खरं बोलायला तोंड उघडावं तर डोकंच उघडं पडायचं.

दुकान होतं मास्तरांचं. मास्तर म्हातारे, पुढचे दात गेलेले, पण कापडाच्या बाबतीत मोठे कडक. कापण्याचं काम रेशीमकडे. दुकानाचे दोन नियम होते. पहिला : सुती कापड आधी पाण्यात घालायचं, वाळवायचं, मगच कात्री. "पाणी प्याल्याशिवाय कापड खरं बोलत नाही," असं मास्तर म्हणायचे. दुसरा : धागा, अस्तर, बटण, काहीही जुळवायचं तर कापडाचा तुकडा टाचणीला लावून दाराशी न्यायचा आणि उजेडात बघायचं. "दिव्याखाली काय, सगळंच जुळतं."

शाळा सुटली की बोंडी दुकानात यायची आणि कापायच्या मेजाखाली चिंध्यांत बसायची. तिच्या कानांवर हे नियम येत होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका दुपारी एक बाई माप द्यायला आली. डोक्यावर हे एवढं कुरळं टोपलं. रेशीम कुणाच्या तरी लग्नातल्या झग्याच्या कापडावर कात्री चालवत होती. बोंडी मेजाखालून निघाली आणि त्या बाईपुढे उभी राहिली.

"मावशी, तुमचे केस जरा बघू का?"

"बघ की, सोने." बाई कौतुकानं खाली वाकली.

बोंडीनं खिशातून पांढऱ्या कापडाचा चौकोनी तुकडा काढला. त्यावर टाचणीनं केसांची एक बट अडकवली होती. तिची स्वतःची. तिनं बाईचा हात धरून तिला दाराशी नेलं, उजेडात तो तुकडा तिच्या बटेशेजारी धरला, डोळे बारीक करून बघितलं आणि मान हलवली.

"नाही जुळत. तुमचे जाड आहेत."

"काय शोधतेस गं?"

"माझी आई," बोंडी म्हणाली. "दवाखान्यात बदलली ना. ही पण चांगली आहे, पण ही माझी नाही. खरी सापडली की मी जाणार."

कात्री कचकन भलतीकडे गेली. कुणाच्यातरी पाठीचं कापड मधोमध फाटलं. बाई हसत होती, मास्तर आपलं बोळकं उघडं टाकून बघत होते. रेशीमच्या कानांत नुसतं घूं वाजत होतं. "ही पण चांगली आहे." चांगली! भाड्याच्या खोलीबद्दल बोलावं तसं.

"किती जणींना लावून बघितलंस?" तिनं विचारलं. आवाज कुठून आला तिलाच कळेना.

"पुष्कळ," बोंडी म्हणाली आणि तुकडा घडी घालून खिशात ठेवला. "शाळेतल्या बाईंना पण. त्या रागावल्या."

घरी जाता जाता रस्त्यातच रेशीम खाली बसली, पोरीचे खांदे धरले. "बोंडे, ऐक. तू माझीच. माझे केसपण तुझ्यासारखेच आहेत. मी औषध लावून सरळ केलेत."

बोंडीनं तिची लांबलचक वेणी उचलली, शेपटापासून वरपर्यंत बोट फिरवलं. मोठ्या माणसाला खोटं बोलताना पकडल्यावर लहान पोर बघतं, तसं दया आल्यासारखं बघितलं.

"दाखव मग."

दाखवणार कुठून? जिवंत खरं डोक्याच्या आत, आणि बाहेर कमरेपर्यंत नुसती ताईची करामत.

"दाखवते," रेशीम म्हणाली. "उगवू दे. तोवर कुठं जायचं नाही. कबूल?"

"कबूल. पण तुकडा मी ठेवणार."

ताईला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच. "डोकं ठिकाणावर आहे का? अर्धं सरळ अर्धं वाकडं घेऊन फिरशील? झाडू दिसशील झाडू! आणि सासरी काय सांगणार?"

"तुझे गुडघे बरे झाले म्हणून सांगणार," रेशीम म्हणाली.

पुढे दीड वर्ष जे चाललं त्याला केस वाढवणं म्हणत नाहीत, त्याला दोन सवती एका घरात नांदवणं म्हणतात. मुळाशी नवे यायचे ते दांडगे, कुठं वळलेले, कुठं फुगलेले. खाली जुने निर्जीव, सुतासारखे. जिथं दोन्ही भेटत तिथं तुटत. कंगवा फिरवला की मोरीत झुबके. खालच्या ओझ्यानं वरचं धड कुरळंही दिसेना. बोंडीनं पहिल्या महिन्यांत एकदोनदा बघितलं, "हे तर सरळच आहेत," म्हणाली आणि मग विचारायचीच थांबली. ते न विचारणं रेशीमला जास्त लागलं. ती डोक्याला रुमाल बांधून राहायला लागली. सासूबाईंना सांगितलं, दुकानात धूळ फार, चिंध्यांचा कोंडा बसतो. हात लावू दिला नाही. वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली.

बोंडी मात्र अधूनमधून खिसा चाचपायची. रेशीमला ते दिसायचं आणि ती रुमालाची गाठ आवळायची.

एका सकाळी नवरा कामावर निघालेला, हत्यारांची पिशवी खांद्याला, तो दारातूनच परत फिरला. मोरीतला केसांचा पुंजका त्याच्या हातात होता.

"डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "किती दिवस लपवतेस? काय आजार आहे ते सांग. मी खंबीर आहे." तो अजिबात खंबीर दिसत नव्हता.

रेशीमनं रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. घासणीपासून ताईच्या गुडघ्यांपर्यंत.

तो पायरीवर बसला. मग एकेक आठवून आठवून बोलायला लागला. "म्हणून तू थेंब पडला की छत्रीत... म्हणून आपण नदीवर गेलो तेव्हा पाण्यात उतरली नाहीस... म्हणून ताईकडे मला कधी नेलं नाहीस." लिफ्टचा बिघाड सापडल्यावर तो असाच एकेक तार हातात घेऊन पुटपुटायचा. मग त्यानं मोठा श्वास सोडला. इतका मोठा की वर्षानुवर्षं छातीत कोंडलेला असावा.

"बरं झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

तो बुटाच्या नाडीशी खेळत राहिला.

रेशीमला आधी कळलंच नाही. मग कळलं. "अहो. तुम्हाला माझ्यावर... पोरीवरून?"

"शंका नाही गं," तो घाईनं म्हणाला. "तशी शंका नाही. बुटात खडा असतो ना, तसं. चालता येतं. पण असतो."

"इतकी वर्षं खडा घेऊन चाललात, आणि एकदा बूट काढून दाखवता आला नाही?"

"तू रुमाल काढलास का?" तो हळूच म्हणाला.

तिनं कंगवा फेकून मारला. लागला नाही. पण नंतर चारपाच दिवस त्या घरात मीठ मागायलाही मधे बोंडी लागत होती. म्हातारीची एक थट्टा. पोरीनं खरी मानली, नवऱ्यानं अर्धी मानली. रेशीम भाजी चिरता चिरता थांबायची. आपण केस सरळ केले आणि घरात सगळं वाकडं होऊन बसलं, ते आपल्याला दिसलंसुद्धा नाही!

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तिनं दुकानातून मोठी कात्री आणली. सासूबाई आत चहा गाळत होत्या, नवरा छपरावर चढून टाकीचा नळ बघत होता, बोंडी गल्लीत खेळत होती. नवे केस ताणले की वीतभर भरत होते. दुसऱ्या कुणाकडून कापून घेण्याचा प्रश्नच नव्हता. आयुष्य कापण्यात गेलेलं, हात स्वतःचा. तिनं डोकं भिजवलं, भाग पाडले, एकेक बट बोटांत घट्ट ताणली, टेप लावली, आणि सगळीकडे एकच माप धरून कापत गेली. जुने सरळ केस लादीवर मेलेल्या सापांसारखे पडत गेले. आरशात पाहिलं तर ओले, एका मापाचे, हनुवटीपर्यंत. नीटनेटकं काम. मास्तरांनी पाठ थोपटली असती.

मग तिनं उन्हात उभं राहून डोकं वाळवलं आणि परत आरशात आली.

तिच्या तोंडून किंकाळीसुद्धा निघाली नाही. नुसता "हॅं" असा आवाज आला.

मागचे केस पार वर चढले होते, मानेवर इवले इवले घट्ट स्प्रिंग, बोटभरही नाहीत. टाळूवरचे लाटा घेऊन दोन्ही बाजूंना छपरासारखे पसरले होते. पुढचे जेमतेम वाकलेले, हनुवटीपर्यंत तसेच लोंबत होते. आणि उजव्या कानावर एक चिमूट अशी होती की तिनं वळायचंच नाकारलं होतं. खिळ्यासारखी ताठ उभी. एका डोक्यावर चार डोकी! एक माप धरून कापलेलं कापड धुतल्यावर जसं एका बाहीला आटतं आणि दुसरीला लोंबतं, तसं तिचं डोकं आटलं होतं.

आधी पाणी, मग कात्री, आणि मधे वाळवणं! दुकानात शिकायला आलेल्या किती पोरींना तिनं हे ओरडून शिकवलं होतं. ओलं ताणून कापशील तर वाळल्यावर रडशील, म्हणून किती जणींच्या हातावर टेप मारली होती. आणि स्वतःच्या डोक्याला मात्र एकाच ठाणातलं कापड समजली. ठाण एक नव्हतंच. आपल्याच डोक्यावर हे एवढं काय काय उगवतं, ते तिनं शाळेपासून कधी बघितलंच नव्हतं.

मागे धाडकन आवाज झाला. सासूबाईंच्या हातातून चहाचं भांडं गाळण्यासकट पडलं होतं.

"कोण गं तू?"

"मी आहे, आई."

"मी कोण? रेशीम कुठंय?" म्हातारीनं खाली पडलेले केस बघितले, वर डोकं बघितलं, परत खाली. "अगं बाई... कुणी केलं हे? विजेचा झटका बसला का?"

"हेच माझे केस आहेत. आधीचे खोटे होते. औषधाचे."

सासूबाई स्टुलावर बसल्या.

"मग इतकी वर्षं माझ्या घरात कुणाचं डोकं वावरत होतं?" त्या म्हणाल्या. मग एकदम भडकल्या. "मी गल्लीत कंगवे घसरवून दाखवले की गं! आता कुठल्या तोंडानं नळावर जाऊ?"

"तुम्ही कंगवा घसरवलात, मी सोसलं. पण पोरीला बदललेली म्हणत होतात."

"थट्टा होती ती!"

"ती खिशात स्वतःचे केस घेऊन फिरते, आई. रस्त्यातल्या बायांच्या डोक्याला लावून बघते. खरी आई सापडली की जाणार म्हणते."

चहा जमिनीवरून ओघळत म्हातारीच्या पायापर्यंत आला, तरी तिनं पाय उचलला नाही.

तेवढ्यात बोंडी धावत आली आणि दारातच गोठली. आईला बघितलं. हसली नाही, रडली नाही. रेशीमनं दीड वर्ष या घडीची वाट पाहिली होती. मनात पोर धावत येऊन गळ्यात पडायची. इथं पोरीनं खिशात हात घातला आणि तुकडा काढला.

"खाली बस," ती म्हणाली. "इथं नाही. दाराशी. उजेडात."

रेशीम उंबऱ्याजवळ बसली. मागे सासूबाई, दारात छपरावरून उतरलेला नवरा, ओल्या हातांचा. बोंडीनं तुकडा पुढच्या बटेशी धरला.

"नाही."

कानावरच्या खिळ्याकडे नुसतं बघितलं. "हे तर नाहीच."

टाळूवरच्या लाटा बोटांनी उलगडल्या, सोडल्या, परत उलगडल्या. "नाही. हे मोठे वळतात. माझे बारीक."

न जुळण्याचा विचार रेशीमला एकदाही शिवला नव्हता. कुरळं म्हणजे कुरळं, असं धरून चालली होती. सरळ केस गेले, ताईचं गुपित गेलं, नवऱ्याच्या पोटातलं ऐकावं लागलं, आणि पोर म्हणतेय नाही. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तोही श्वास धरून उभा.

"बोंडे, सगळे केस एकसारखे नसतात गं—"

"हलू नको."

पोरगी मागे गेली. मानेवर तिची गार बोटं लागली. एक स्प्रिंग तिनं ओढलं आणि सोडलं. टुण्णकन परत गेलं. दुसरं ओढलं. गल्लीत कुणाचं तरी मूल ओरडत होतं, नळ ठिबकत होता. रेशीमला वाटलं आता वळून बघावं, पण वळायचं धैर्य होईना.

"आजी," बोंडी म्हणाली, "तुझा चष्मा लाव आणि इकडे ये."

सासूबाई आल्या. वाकल्या. बोंडीनं टाचणीची बट आणि मानेवरची बट एकत्र धरली होती, कापड मुठीत झाकून नुसती टोकं बाहेर.

"यातली माझी कुठली?"

म्हातारीनं इकडून बघितलं, तिकडून बघितलं. एका बटेला बोट लावलं, मग दुसरीला. "ही," ती म्हणाली.

"चूक. ती आईची."

सासूबाई तिथंच मटकन खाली बसल्या, त्या चहातच. "देवा," एवढंच म्हणाल्या. आणि सुनेच्या मानेवर हात ठेवला, तो काही वेळ काढलाच नाही.

बोंडी पुढे येऊन आईचं डोकं परत एकदा सगळीकडून बघायला लागली. दुकानात फाटकं कापड आलं की मास्तर बघायचे तसं.

"मागचे जुळले," ती म्हणाली. "मग हे बाकीचे कुणाचे?"

"बाकीचे माझे," रेशीम म्हणाली.

"बरं."

दुकानात जुळवणी झाली की नमुन्याचं काम संपतं. मास्तर टाचणी काढून डबीत टाकतात आणि तुकडा केरात. बोंडीनं टाचणी काढली, आईच्या हातात दिली. पांढरा तुकडा बटेसकट केरसुणीजवळ लादीवर पडलेल्या त्या लांब सरळ केसांत टाकला, आणि खेळायला निघून गेली. उंबऱ्यावर थांबून एकदा मागे वळून म्हणाली, "आई, ते कानावरचं मात्र काहीतरी कर."

रेशीम टाचणी हातात घेऊन तशीच बसून राहिली. टाचणी तळव्यात रुतत होती, ते तिला कितीतरी वेळानं कळलं.